फळ्याशिवाय विज्ञान

माण तालुक्यातल्या म्हसवडमध्ये 2008 पासून 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. शास्त्रज्ञाची खरी तोंडी परीक्षा अशाच ठिकाणी होते. तिथे फळा नाही, आलेख नाही आणि समोर कोणी मानही डोलवत नाही. माणच्या काळ्या कातळात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं, म्हणून शेजारच्या बोअरला पाणी लागलं तरी आपली कोरडी जाऊ शकते. हे धारा काढत ऐकणाऱ्या बाईला नुसत्या आवाजातून पटवायचं. पदवी इथे कामाला येत नाही!

पण ही कला शिकायची कुठे? संशोधनाच्या अभ्यासक्रमात ती क्वचितच असते.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी आपली परीक्षा स्वतःच घेतली. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. केंब्रिजहून आलेल्या नामवंताचं वजन परीक्षकांवर पडू नये, एवढाच हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, सहीसकट उत्तर मिळेल. पोस्टकार्डात पाल्हाळाला जागाच नसते. लिहिण्याची याहून कडक तालीम सापडणं कठीण.

माणदेशात माती-पाण्याचे नमुने न्यायला येणाऱ्या संशोधकांनी परतण्याआधी अर्धा तास 'माणदेशी तरंग'च्या माइकसमोर बसावं, आणि ऐकणाऱ्यांचे प्रश्नही घ्यावेत.