हाताखाली किती माणसं?

लग्नकार्यात भेटलेले काका नोकरीची चौकशी करतात आणि दुसराच प्रश्न असतो, "हाताखाली किती माणसं आहेत?" त्यात वाकडं काही नसतं. बँक, कचेरी, कारखाना पाहिलेल्या पिढीला मोठेपण मोजायचं तेच माप माहीत आहे. पण पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांनीही ते जसंच्या तसं उचललं, याचं मला वाईट वाटतं.

कारण पैशाच्या हिशेबात आहे. सर्व्हिस कंपनीचं बिलिंग बरंचसं माणसांच्या तासांवर चालतं. खाली नवी मुलं पुष्कळ आणि वर अनुभवी मोजके, अशी रचना असेल तरच नफा राहतो. पंधरा वर्षं प्रोग्राम लिहिणारी बाई या हिशेबात महाग पडते. तिने वीस जणांकडून काम करून घेतलं की ती परवडते. मॅनेजमेंटकडच्या पुढच्या पदांची नावं कुणीही तोंडपाठ सांगतो, टेक्निकलमध्ये 'आर्किटेक्ट' या शब्दापाशी सगळे थांबतात. अशा वेळी मॅनेजमेंटकडे जायची निवड आपण केली असं म्हणायला फारसं काही उरत नाही.

कंपन्यांचे व्यवहार आणि हिशेब सांभाळणाऱ्या एसएपी या सॉफ्टवेअरवर, त्याच्या अबॅप या प्रोग्रामिंग भाषेत मी काम करते आणि अजून कोडमध्येच आहे. हट्ट म्हणून नाही. तिथे कुणीतरी जुनं माणूस असलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. का, ते एका उदाहरणाने सांगते.

हाना या डेटाबेसवर चालणारी एसएपीची एस-फोर हाना ही पिढी 2015 मध्ये आली. तिच्या आधीच्या ईसीसी या पिढीच्या शेवटच्या आवृत्त्यांची नेहमीची देखभाल 2027 अखेर थांबणार, म्हणून स्थलांतराची कामं जोरात आहेत. ईसीसीत हिशेबाच्या नोंदींचं बीएसईजी नावाचं टेबल आहे. जुन्या डेटाबेसवर त्यातल्या ओळी आपोआप ठराविक क्रमाने हाती यायच्या. म्हणून वीस वर्षांपूर्वी कुणी सॉर्टची ओळ लिहिली नाही, आणि काही बिघडलंही नाही. हानावर तो क्रम गृहीत धरता येत नाही. मग होतं असं, की प्रोग्राम बंद पडत नाही, एररही येत नाही. क्रमावर विसंबणाऱ्या बायनरी सर्चला असलेली नोंद सापडत नाही आणि एखाद्या ग्राहकाची थकबाकी अहवालातून निसटते. स्टेटस रिपोर्टमध्ये ते काम हिरव्या रंगातच असतं. तपासणीची साधनं अशा जागा दाखवतात, पण ढीगभर जागांपैकी महिनाअखेरीला नेमकी कुठली नडेल, हे त्या कंपनीचा हिशेब वर्षानुवर्षं जवळून पाहिलेल्यालाच कळतं.

जर्मनीतल्या लिडल या किराणा साखळीने 2011 मध्ये एसएपीवर जायचं काम सुरू केलं आणि 2018 मध्ये सोडून दिलं. तोवर सुमारे 50 कोटी युरो खर्च झाल्याचं छापून आलं. कारणांमध्ये एक गोष्ट ठळकपणे सांगितली गेली: लिडल मालसाठ्याचं मूल्य खरेदी किमतीवर धरत असे आणि एसएपीची किरकोळ विक्रीची तयार रचना विक्री किमतीवर उभी होती. कंपनीने आपली पद्धत बदलली नाही, सॉफ्टवेअरच वाकवत नेलं. हे वाचून मला नेहमी वाटतं, की त्या एका निर्णयाची किंमत पहिल्याच वर्षी ठामपणे सांगायला कोड जाणणारं आणि बैठकीत ज्याचा शब्द चालेल असं माणूस लागतं. आपल्याकडे या दोन गोष्टी एकाच माणसात राहू देत नाहीत. शब्दाला वजन आलं, की कोड सुटलेला असतो.

मॅनेजरचं काम मी कमी लेखत नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला. त्याआधी प्रत्येक मालाचा एचएसएन हा वर्गीकरणाचा कोड, करांची नवी रचना, बिलाचा नवा नमुना, सगळं एकदम बदलायचं होतं. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने कित्येक वर्षांत कोड लिहिला नव्हता. पण एचएसएनची यादी कोण देणार यावर ग्राहकाचे खरेदी आणि वित्त हे दोन विभाग अडून बसले, तेव्हा दोघांना एका टेबलाशी त्यानेच बसवलं. एक तारखेला कोणते अहवाल मिळणार नाहीत, हेही त्याने ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगितलं आणि आमच्या रात्री वाचवल्या. ते मला जमलं नसतं. माणसांची अशी ओढ ज्याला आहे, त्याने खुशाल तिकडे जावं.

फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/360चं काम सांभाळलं आणि 1975 मध्ये त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो, हे त्यांचं म्हणणं सगळ्यांना पाठ असतं. त्याच पुस्तकातली दुसरी सूचना मात्र कुणी काढत नाही. टेक्निकलमधून मॅनेजमेंटकडे गेलेल्याला पगारवाढ देऊ नये, त्याला बढती म्हणू नये. उलट दिशेने येणाऱ्याला मात्र वाढ जरूर द्यावी. माझ्या माहितीतल्या एकाही कंपनीने हे करून पाहिलेलं नाही. एकीने तरी पाहावं.

आमच्या टीममधली एक मुलगी यंदा कोड की मॅनेजमेंट या वळणावर आहे. कोडवर तिचा हात चांगला आहे आणि माणसंही तिचं ऐकतात, म्हणून तिची अडचण खरी आहे. पुढच्या कटओव्हरला, म्हणजे जुन्यावरून नव्या सिस्टिमवर जाताना, पूर्ण शनिवार-रविवार मॅनेजरशेजारी बस, आणि एक महिनाअखेर सपोर्टच्या मुलांबरोबर काढ, असं मी तिला सांगितलंय. दोन्ही होईपर्यंत अप्रेझलच्या फॉर्मवरचा या निवडीचा रकाना रिकामा ठेवावा, हे मी तिच्या मॅनेजरशी बोलून घेतलंय. तो तयार आहे.