पाट आणि पाणी

मध्य प्रदेशच्या सिंचन खात्यात माझी हयात गेली. सरकारी नियंत्रणावर माझा विश्वास दृढ होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आणलेले इंटरनेट महाग आणि संथ होते. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना मुभा मिळाली, पुढे दर उतरले. स्पर्धेचे हे श्रेय आज मी मोकळ्या मनाने मान्य करतो. तथापि पाणी कोणत्या पिकाला द्यावे, हे पाटाच्या मालकाने ठरवू नये. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून निरनिराळे दर आकारण्यास मनाई केली, ती याच न्यायाने. एका कंपनीने भेद केला तर ग्राहक दुसरीकडे जाईल; सर्वांनीच केला तर? इंदूर-बडोद्याच्या मराठी मंडळींचे लहानसे संकेतस्थळ बड्यांच्याच दराने वाचता यावे, याची हमी बाजार देत नाही, नियम देतो.