मैदानातील वाक्पारुष्य

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची उलंगवाडी झाली की मोकळ्या रानांतून मुलांचे क्रिकेट सुरू होते. पूर्वी तीन पऱ्हाट्या रोवल्या की यष्ट्या तयार होत. आता लहान गावांतूनही खऱ्या यष्ट्या, खरा चेंडू आणि चषकांच्या स्पर्धा आल्या आहेत. आम्ही ३६ वर्षे शाळेत संस्कृत शिकविले आणि हौसेने मुलांच्या सामन्यांत पंच म्हणूनही उभे राहिलो. म्हणून गेल्या फाल्गुनात घडलेला एक घरगुती प्रसंग वाचकांपुढे मांडण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हांस आहे, असे वाटते. थोडाबहुतच, तो का, हे पुढे येईलच.

आमचा नातू १४ वर्षांचा असून यष्टिरक्षण करतो. त्या दिवशी तो चषक घेऊन घरी आला. सर्वांनी कौतुक केले, सूनबाईंनी शिरा केला. सायंकाळी त्याचा एक सोबती ओट्यावर बसून सामन्याची हकीकत हसत हसत सांगू लागला. प्रतिपक्षाचा एक मुलगा काही केल्या बाद होईना, तेव्हा आमचे चिरंजीव यष्ट्यांमागून त्यास म्हणाले, "तुझ्या बापाला कर्ज फेडता आले नाही, तू काय धावा फेडणार?" पुढच्याच चेंडूवर त्या मुलाने आंधळेपणाने बॅट फिरविली आणि त्याचा त्रिफळा उडाला.

त्या मुलाच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी कर्जापायी आपला जीव दिला होता. आमच्या जिल्ह्यात या वाक्याचा अर्थ कोणास फोड करून सांगावा लागत नाही. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

आम्ही नातवास जवळ बोलाविले. त्याने दोन उत्तरे दिली. पहिले, "आजोबा, मोठ्या सामन्यांतही असेच बोलतात. मैदानातले मैदानातच राहते." आणि दुसरे, "मी खोटे तर काही बोललो नाही ना?"

दुसऱ्या उत्तरास आमच्यापाशी प्रत्युत्तर तयार होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'वाक्पारुष्य' म्हणजे वाणीचा कठोरपणा, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. कोणाचे शरीर, जन्म, विद्या, धंदा अथवा देश यांवरून त्यास हिणविणे हे सर्व त्यात येते. एका डोळ्याने अंध असलेल्यास काणा म्हटले आणि ते खरे असले, तरी तीन पण दंड. खोटे असल्यास सहा. आणि त्यासच उपरोधाने सुनेत्र म्हणून गौरविले तर बारा! म्हणजे सत्याने दंड उणा होतो, माफ होत नाही. आणि हसत हसत मारलेला टोमणा सर्वांत महाग पडतो. आजची आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद तरी दुसरे काय करते? २०१६ सालापासून ती गैरवर्तनास दोषांक देते आणि २४ महिन्यांत चार दोषांक भरले की खेळाडूवर बंदी येते.

पहिले उत्तर मात्र अधिक विचाराचे होते. मैदानातले बोलणे मैदानातच राहते काय? १९८१ च्या फेब्रुवारीत मेलबर्न येथे श्री. सुनील गावसकर ७० धावांवर पायचीत ठरविले गेले. चेंडू बॅटीस लागला होता, अशी त्यांची खात्री होती. ते रागाने आपले जोडीदार चेतन चौहान यांनाही सोबत घेऊन निघाले. सीमारेषेवर व्यवस्थापकांनी चौहानांस थोपविले, म्हणून सामना वाचला. आणि तोच सामना पुढे भारताने ५९ धावांनी जिंकला. पंचांच्या निर्णयापेक्षा परतताना कानी पडलेल्या अपशब्दांनी आपला तोल गेला, असे गावसकरांनी पुढे सांगितले आणि झाल्या कृतीबद्दल खेदही व्यक्त केला. एवढा संयमी फलंदाज! एका शब्दापायी हातचा विजय जाण्याची वेळ आली होती.

यावर नातू म्हणाला, "म्हणजे नुसते गप्प बसून खेळायचे?" नव्हे. २०२० च्या नोव्हेंबरात महंमद सिराज ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असता त्याचे वडील वारले. तो घरी न परतता संघासोबत राहिला. पुढे जानेवारीत सिडनी येथे प्रेक्षकांतून त्यास अपशब्द ऐकावे लागले. कर्णधार श्री. अजिंक्य रहाणे यांनी ती तक्रार पंचांपुढे मांडली, खेळ थांबविला गेला, काही प्रेक्षक बाहेर काढले गेले. मात्र मैदान सोडून जाण्यास रहाणे तयार झाले नाहीत. त्यानंतर ब्रिस्बेनला सिराजने दुसऱ्या डावात पाच बळी घेतले आणि भारताने मालिका जिंकली. आक्रमकपणा म्हणतात तो हा. तो चेंडूत होता, जिभेवर नव्हता.

याच रहाण्यांची दुसरी गोष्ट देशातील सामन्याची आहे, पण आम्हांस ती अधिक मोलाची वाटते. २०२२ च्या सप्टेंबरात कोइमतूर येथे दुलीप चषकाचा अंतिम सामना होता. पश्चिम विभागाच्या यशस्वी जयस्वालने दुसऱ्या डावात २६५ धावा काढल्या होत्या. अखेरच्या दिवशी तो प्रतिपक्षाच्या फलंदाजास वारंवार टोचून बोलू लागला. समज देऊनही तोंड थांबेना, तेव्हा रहाण्यांनी आपल्याच त्या मोहऱ्यास मैदानाबाहेर जावयास सांगितले. काही वेळाने तो परत आला. पश्चिम विभागाने २९४ धावांनी सामना जिंकला. परक्याची जीभ आवरण्यास पंच असतात. आपल्या माणसाची जीभ कर्णधारानेच आवरावी लागते.

नातू बराच वेळ खाली पाहत होता. मग त्याने हळूच विचारले, "आजोबा, तुम्ही पंच असताना मुले असे बोलत नव्हती?"

वाचकहो, आता आमची पाळी आली. पुष्कळ वर्षांपूर्वीच्या एका सामन्यात आमच्या शाळेच्या मुलांनी प्रतिपक्षाच्या एका तोतऱ्या मुलाची नक्कल चालविली होती. आम्ही पंचाच्या जागी उभे होतो, ऐकत होतो. चेंडू मोजण्याचे सहा खडे मुठीत होते. आम्ही त्या खड्यांकडे पाहिले आणि एक खडा या हातातून त्या हातात घेतला. आमची शाळा जिंकत होती. तो मुलगा थोड्याच वेळात बाद होऊन गेला. जाताना त्याने आमच्याकडे पाहिले, ती दृष्टी अजून विसरता येत नाही. हे सारे आम्ही नातवास सांगितले. एवढ्या वर्षांत ते घरात कोणास सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे त्या मुलाच्या घरी गेलो. अंगणात पऱ्हाट्यांची मोळी पडली होती. आईने पाणी दिले. आमच्या नातवाने ओठांवर जुळविलेली वाक्ये ऐनवेळी विसरली. "चुकलो" एवढेच तो म्हणाला. त्या मुलाने मान हलविली, पण बोलला काही नाही. त्याने क्षमा केली की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही, आणि विचारण्याचा आमचा हक्कही नव्हता.

असो. चषक अजून फळीवर आहे, पण नातू तो कोणास दाखवीत नाही. घराघरांत आमच्यासारखी वडीलधारी माणसे आहेत. तीही एका परीने कर्णधारच. आपले मूल जिंकत असताना ते काय बोलते, याकडे त्यांनी कान द्यावा, हातातले खडे मोजीत राहू नये.