रस्त्यावरची मोकळीक आणि कापसाच्या रानातली टेरी

वॉल्टर सालेसचा 'ऑन द रोड' हा 2012 चा सिनेमा चळवळीतल्या मित्रांनी 'बघच' म्हणून गळ्यात मारला. जॅक केरुॲकच्या 1957 च्या कादंबरीवर बेतलेला. अमेरिकेतले बीट पिढीचे लेखक, त्यांची भटकंती, जाझ, दारू, गांजा आणि लैंगिक मुक्ती. अभ्यासवर्गातल्या पोरापोरींसोबत बघितला आणि घोर निराशा झाली.

शय्यादृश्यांमुळे नाही. तो त्रास संस्कृतिरक्षकांना होतो, त्यांचा त्यांना लखलाभ. माझी तक्रार उलटी आहे. या सिनेमात मुक्ती फार थोडी आणि पुरुषांची मौज फार आहे. डीन मोरिआर्टी मनात येईल तेव्हा बाईकडे येतो, मनात येईल तेव्हा गाडी काढतो. कॅमिल घरात पोर सांभाळत बसते. ती त्याला घराबाहेर काढते तो प्रसंग खरा वाटतो, पण सिनेमा लगेच पुन्हा मित्रांच्या मागे धावतो.

आणि टेरी. कॅलिफोर्नियात कापूस वेचणारी मेक्सिकन बाई, पदरी एक मूल. नायक साल काही दिवस तिच्याबरोबर तंबूत राहतो, कापूस वेचतो आणि निघून जातो. दमला की परतायला त्याला न्यूयॉर्कला घर आहे. टेरी तिथेच राहते. सिनेमा तिला जेमतेम काही मिनिटं देतो. आमच्या पाथर्डी-शेवगावातून दरवर्षी ऊसतोडीला कोयते निघतात. पाल ठोकून, तान्हं पोर उसाच्या बांधावर झोपवून मोळ्या बांधणाऱ्या बाईला भटकंतीतलं काव्य विचारून बघा! कादंबरीत हाच साल डेन्व्हरच्या काळ्या वस्तीतून फिरताना आपण निग्रो असतो तर, म्हणून हळहळतो. जेम्स बाल्डविनने 1961 मध्येच त्या उताऱ्याची सालटी काढली होती.

हे अमेरिकेचं झालं, आपल्याला काय, असं म्हणता येणार नाही. ॲलन गिन्सबर्ग 1962 मध्ये मुंबईत येऊन गेला. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या बंडखोरीत तोही वारा होता, आणि त्याच बंडखोरीतून राजा ढाले, नामदेव ढसाळ पुढे आले. 'गोलपिठा' आपला आहे, तो कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. पण मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे पुस्तकसुद्धा आपलंच आहे. विरोधक ते ढसाळांच्या बदनामीसाठी वापरतात, म्हणून आपण ते लपवायचं का? बिनधास्त कवीच्या घरात भाकरी कोण थापत होतं, हा प्रश्न मनुवाद्यांनी विचारण्याआधी आपण विचारला पाहिजे. अनेक कार्यकर्ते आजही क्रांती बाहेर करतात आणि चहा आतून मागवतात.

आणि मोकळं प्रेम म्हणाल, तर ते आपल्याकडे कुणाला परवडतं? 2014 मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या आपल्या पोराला मारून टाकलं, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून. साक्षीदार फितूर झाले, 2017 मध्ये आरोपी सुटले. या जिल्ह्यात बोलणं हीच इतकी महाग गोष्ट आहे. जात न मोडता लैंगिक मुक्तीच्या गप्पा मारणं म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे त्याची करमणूक.

बाबासाहेबांना हा विषय वर्ज्य नव्हता. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा 1934 मध्ये त्यांची वकिली बाबासाहेबांनी केली. वाचकांनी लैंगिक शंका विचारल्या तर उत्तरं देण्यात अश्लील काय, असा सरळ मुद्दा. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पुढे 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण स्वतंत्र मजूर पक्षाचे प्र. ज. रोहम यांनी मांडलं. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला कुणीच तयार झालं नसतं, असा त्यातला युक्तिवाद. ठराव पडला.

रोहम आपल्या नगरचे आमदार होते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? त्या भाषणाच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. पुढच्या अभ्यासवर्गात वाचू. बीट पिढीवर ज्यांना बोलायचंय त्यांनीही यावं, फक्त आधी मुली बोलतील.