पैसे मोजून बोलणं

शिकवणी या प्रकाराबद्दल माझ्या मनात लहानपणापासून अढी होती. आमच्या घरात शिकवणी लावणं म्हणजे पोर अभ्यासात कच्चं असल्याची जाहीर कबुली. त्यातून भाषेची शिकवणी तर फुकटचा खर्च. भाषा बाजारात, एसटीत, शेजारणीच्या ओट्यावर शिकायची असते, हे माझं मत इतकं पक्कं होतं की पुण्यात बदलून आलेल्या तमिळ-कानडी सहकाऱ्यांना मी ते कुणी न विचारता ऐकवायचे. निवृत्तीनंतर मेक्सिको आणि ग्वाटेमालाला निघाले तेव्हा फोनवरच्या ॲपमधून जमवलेले शब्द आणि हाच आत्मविश्वास बरोबर होता.

मेक्सिकोत भागलंही. भाव विचारता येत होता, बस कुठून सुटते ते कळत होतं, लोक कौतुक करत होते.

ग्वाटेमालातल्या अँटिग्वाला मी ज्वालामुखी आणि पडकी चर्च बघायला गेले. 1773च्या भूकंपात हे शहर मोडलं, राजधानी दुसरीकडे हलली आणि बरीचशी पडझड तशीच राहिली. पण गल्लोगल्ली पाट्या दिसतात त्या स्पॅनिश शाळांच्या. इथली पद्धत म्हणजे एक शिक्षक, एक विद्यार्थी. व्हरांड्यात छोटी टेबलं, प्रत्येक टेबलाशी समोरासमोर दोघं, सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते बारा. फी आठवड्याची. हवं तर एखाद्या कुटुंबात राहण्या-जेवण्याची सोय, रविवारी मात्र आपलं आपण बघायचं. मी नाव घातलं ते, खरं सांगायचं तर, घरच्या जेवणासाठी.

माझ्या बाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. पहिल्याच सकाळी त्यांनी माझं लहानपण विचारलं. मी धडाधड सुरू झाले. शाळेत गेले, विहिरीवर गेले, आजोळी गेले. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, ‘एकदाच गेलात?’ स्पॅनिशमध्ये एकदा घडून गेलेल्या आणि नेहमी घडणाऱ्या गोष्टींचे भूतकाळ वेगळे असतात. हा नियम मी ॲपवर इंग्रजीतून वाचला होता आणि इंग्रजीत दोन्हीकडे एकच रूप खपून जातं म्हणून सोडूनही दिला होता. बाई दर वाक्याला अडवत राहिल्या. मला चीड आली. मग केव्हातरी लक्षात आलं की हा फरक तर माझ्या तोंडात जन्मापासून आहे: मी आजोळी गेले, मी आजोळी जायचे. मी उगाच इंग्रजीचा वळसा घालून चालले होते.

हीच चूक मी मेक्सिकोभर केली होती. घरमालकिणीशी जेवताना रोज करत होते. सगळ्यांना माझं म्हणणं कळत होतं आणि म्हणूनच कुणी काही बोलत नव्हतं. भल्या माणसाने पाहुणीचं व्याकरण का तपासावं? आपणही मोडकं मराठी बोलणाऱ्याला सुधारत नाही. ‘किती छान बोलता हो’ म्हणतो, नाहीतर सरळ हिंदीवर उतरतो. माझे ते सहकारी वर्षानुवर्षं ‘मी आला’ म्हणत राहिले, आणि त्यांना बाजाराचा सल्ला देणाऱ्या मी एकदाही त्यांना टोकलं नाही. बाईंना पैसे मिळत होते ते हा भलेपणा बाजूला ठेवण्याचे.

बाजाराचीही एक गंमत कळली. एका सकाळी बाई मला वही-पेन घेऊन मंडईत घेऊन गेल्या. तिथे भाजी विकणाऱ्या कितीतरी बायका आजूबाजूच्या गावांतल्या, आणि त्यांची मातृभाषा काक्चिकेल. देशात माया कुळातल्या 22 भाषा आहेत. म्हणजे जिच्याकडून मी रस्त्यावरची अस्सल स्पॅनिश उचलणार होते, त्या बाईनेही ती शिकूनच घेतलेली. अँटिग्वातल्या एका जुन्या संस्थेने, प्रोयेक्तो लिंग्विस्तिको फ्रान्सिस्को मार्रोकिनने, 1969पासून परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवून त्या पैशांतून माया भाषांच्या अभ्यासाला हातभार लावला. हा व्यवहार मला फार आवडला.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. रोज चार तास भरायचे असतात. माझं आयुष्य सांगून संपलं की बाईंचं सुरू. या देशात 1960 ते 1996 यादवी युद्ध चाललं. भूतकाळाच्या सरावात मीही विचारून बसले, तेव्हा तुमच्या घरचे कुठे होते? त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, दोन्ही भूतकाळ बिनचूक, आणि पुस्तकाचं पान उलटलं. दर थोड्या दिवसांनी नवा परदेशी येऊन हेच विचारत असणार आणि फी दिलेल्या माणसाला ‘नाही सांगत’ म्हणणं सोपं नसणार. पुढे मी भाजीचे भाव, सासूबाई, मुलांच्या शाळेचा खर्च यांवरच राहिले. त्या विषयांवर बाई तासभर बोलायच्या, वादही घालायच्या.

आता पुण्यातून संध्याकाळी साडेसातला त्याच बाईंच्या ऑनलाइन तासाला बसते, तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. मध्ये शाळा नाही, त्यामुळे फी सगळी त्यांच्या हातात पडते. चार तासांचा हट्टही सोडला. शेवटच्या तासाला मी तेव्हाही नुसती मान डोलवायचे. पंधरा दिवस फिरायला निघालेल्यांना मी अजूनही शिक्षक लावा असं सांगत नाही. आकडे, भाव, रस्ता एवढं रस्ताच शिकवतो.

सध्या इच्छा आणि शंका सांगताना लागणारी क्रियापदाची वेगळी रूपं चालली आहेत. ‘तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे’ यातलं ‘यावं’ तिथे बसतं हे सापडल्यावर मी बाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच ‘तो येईल असं मला वाटत नाही’ हे वाक्य करायला दिलं. तिथे स्पॅनिशला तेच रूप लागतं, मराठीला लागत नाही. माझं चुकलं, आणि त्यांनी पुन्हा हात वर केला.