नानीचे तीन सवाल

आमच्या घरी पाहुणा आला की अब्बांचा आवाज बैठकीतून आत यायचा, "थंडा मंगाओ." थंडा म्हणजे थंड पाणी नव्हे, हे जालन्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आम्हा चौघा भावंडांपैकी कोणी तरी गल्लीच्या टोकाच्या दुकानाकडे पळायचं. रिकाम्या बाटल्या दुकानदाराला परत कराव्या लागत, म्हणून पाहुण्याचा शेवटचा घोट होईपर्यंत आम्ही दाराशी घुटमळत राहायचो. बाटलीत दोन बोटं उरली तर ती आमची! अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. महिन्याच्या शेवटी घरात साखर उसनी आणली जायची, पण थंड्याशिवाय मेहमान परत गेला असं कधी झालं नाही. चहा पाजला तर साधा पाहुणा, थंडा पाजला तर खास पाहुणा, असा आमच्या मोहल्ल्याचा अलिखित नियम होता.

आमचं आजोळ अंबड तालुक्यातलं. तिथं मामूंची दोन एकर मोसंबीची बाग होती. जालना जिल्ह्याची मोसंबी दूरदूर जाते. बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र आहे, आणि पुढे या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्हाला तेव्हा त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पावसाळा सरता सरता आंबे बहाराची फळं उतरायला लागली की पोटभर मोसंबी खायची, एवढंच ठाऊक होतं. नानी रस काढू द्यायची नाही. "दात दिए ना अल्लाह ने?" म्हणायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसभर उन्हात हुंदडून आम्ही डोकं धरून बसलो की नानी जवळ घ्यायची आणि तीन सवाल विचारायची, "पानी पिए क्या? खाना खाए क्या? नींद हुई क्या?" एकाही सवालाचं उत्तर 'नाही' आलं तर औषध मिळायचं नाही. आधी माठातलं पाणी, त्यात लिंबू, चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा. मग भाकरीचा तुकडा. मग खिडकीला चादर लावून अंधाऱ्या खोलीत आडवं पडायचं. एवढं करूनही डोकं उतरलं नाही तरच सहाणेवर सुंठ उगाळली जायची. तो गरम लेप कपाळावर लावून नानी आपल्या ओढणीची पट्टी घट्ट आवळायची. लेप लावायची वेळ फार थोड्या वेळा आली. बहुतेक वेळा पाण्यावरच काम भागायचं. नानी निरक्षर होती. आम्ही शाळा शिकलो आणि तिचे सवाल विसरलो.

थंड्याची गोष्टही आमच्या पिढीबरोबरच वाढली. कोका-कोला १९७७ साली देश सोडून गेली, त्याच साली थम्स अप आलं. अब्बांच्या तरुणपणीचा थंडा तो. पुढे १९९० मध्ये पेप्सी आली, १९९३ मध्ये कोका-कोला परतली, आणि थम्स अपही तिच्याच झोळीत गेलं. २००३ च्या सुमारास पाच रुपयांची छोटी बाटली खेड्यापाड्यांतल्या टपऱ्यांवर पोचली. ज्या गावात प्यायचं पाणी टँकरने यायचं, त्या गावात थंडा मात्र बारा महिने मिळायला लागला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बारा प्रकारच्या शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. कंपन्यांनी ते नाकारलं. संसदेने शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली, आणि २००४ च्या फेब्रुवारीत समितीने संस्थेचे निष्कर्ष उचलून धरले. वर्तमानपत्रांत लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरीफॉस अशी नावं छापून आली. त्यातली शेवटची दोन मामूंना पाठ होती. कपाशीवर तीच तर फवारायचे! "जो कीडे को मारा, वही मेहमान को पिलाए?" असं म्हणून ते हसले. आमच्या घरी दोन-तीन महिने थंडा बंद राहिला. मग एक लग्न आलं, एक ईद आली, आणि बाटल्या परत आल्या. तेव्हा विषाची चर्चा घरोघरी झाली. बाटलीत उघडपणे, कायद्याने, लेबलवर छापून असलेल्या साखरेबद्दल मात्र आमच्या दस्तरखानावर कोणी एक शब्द काढला नाही.

२०१२-१३ चा दुष्काळ जालन्यातला माणूस विसरणार नाही. बागायतदारांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायची धडपड केली. मामूंनीही केली. कर्ज झालं, झाडं वाळली, आणि शेवटी बागेवर कुऱ्हाड चालली. त्याच उन्हाळ्यात आमच्या थोरल्या आपाचा निकाह झाला. मांडवात पाण्याचे जार मोजून मागवले होते. थंड्याचे क्रेट मात्र मोकळ्या हाताने. मामू एका कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. कोणी तरी त्यांच्या हातात बाटली दिली. त्यांनी ती प्यायली नाही, परतही केली नाही, धरून बसले. नानी तोवर अल्लाहला प्यारी झाली होती. तिला ते दिवस बघावे लागले नाहीत, असं अम्मी म्हणाली.

अम्मीची डोकेदुखी त्याच लग्नापासूनची. हे आम्हाला सहा वर्षांनी कळलं.

२०१९ साली रमजान ऐन मे महिन्यात आला. पारा बेचाळीसच्या पुढे, नळाला कित्येक दिवसांआड पाणी, आणि रोजा चौदा तासांहून मोठा. पहिल्या तीन-चार दिवसांत दुपारनंतर घरात सगळ्यांचीच डोकी ठणकायची. आम्ही त्याला रोज्याची डोकेदुखी म्हणायचो. खरं तर निम्मी डोकेदुखी चहाची होती. दिवसाला पाच-सहा कप चहा पिणाऱ्याचा चहा एकदम तुटला की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, आणि ते दोन दिवसांपासून आठवडाभरही राहू शकतं. शरीराला कॅफीनची सवय झालेली असते, ती मोडताना त्रास होतो. उरलेली निम्मी डोकेदुखी पाण्याची आणि अपुऱ्या झोपेची. आणि आमची इफ्तारी कशी व्हायची? एक खजूर, लगेच थंड्याचा मोठा ग्लास, मग भजी. दिवसभराची तहान साखरेच्या पाण्यावर भागवायची आणि त्यातल्या कॅफीनने डोकं हलकं झालं की शुक्र मानायचा. डोकं चढवणारी सवय आणि डोकं उतरवणारा उतारा, दोन्ही एकाच जातीचे. हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

बाकीच्यांची डोकी पाचव्या दिवशी उतरली. अम्मीचं उतरलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका असरनंतर भजी तळता तळता ती चुलीजवळ कोसळली. कढई उलटली नाही, एवढंच नशीब. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब फार वर गेलेला. रक्त तपासलं तर क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आई, गोळ्या कोणत्या घेता?" आम्ही एका सुरात सांगितलं, "कोणत्याच नाही." अम्मी काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मेरा पानदान लाओ."

पानदानात चुना, कात, लवंगा यांच्या खालच्या कप्प्यात गोळ्यांच्या तीन पट्ट्या निघाल्या. वेदनाशामक गोळ्या, कोणत्याही दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या. लग्नाच्या धावपळीत सुरू झालेल्या, मग रोजच्या झालेल्या. रमजानात सहेरीला एक आणि इफ्तारीनंतर एक. सहा वर्षं आम्ही त्या पानदानातून सुपारी उचलून खात होतो.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. महिन्यात पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस, आणि असं तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ, साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. माणसाला वाटतं दुखतंय म्हणून गोळी घेतो, आणि गोळी घेतो म्हणून दुखत असतं. शिवाय आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या किडनीकडचा रक्तपुरवठा कमी करतात. शरीरात पाणी कमी असेल आणि रक्तदाब जास्त असेल तर नुकसान अधिक. मग त्यांनी विचारलं, "पाणी किती पिता? जेवण वेळेवर होतं का? झोप किती?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. नानीचेच तीन सवाल!

अम्मीने उत्तर दिलं ते आमच्या मनातून अजून जात नाही. घरात पाणी साठवलेलं असायचं. त्यातून आधी अब्बांच्या वजूचं, मग स्वयंपाकाचं, मग मुलांचं, आणि उरलं तर तिचं. रोजे नसतानाही ती दिवसाला तीन-चार पेल्यांवर पाणी पीत नव्हती. आम्हाला वाटायचं तिला तहानच कमी लागते. आमच्या दुष्काळी मुलखात अशा किती अम्मी, किती आई आपल्या वाट्याचं पाणी गुपचूप वाचवत असतील? आणि डोकं ठणकलं की पदराच्या गाठीतली किंवा पानदानातली गोळी गिळत असतील?

आमच्यातला मधला एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात काम करतो. तापलेल्या लोखंडासमोरून उठला की ६०० मिलीची थंड्याची बाटली हा त्याचा रोजचा खुराक होता. अम्मी घरी आल्यावर त्याने आपलंही रक्त तपासून घेतलं. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. त्या रात्री आम्ही बाटलीचं लेबल पहिल्यांदा वाचलं. १०० मिलीलिटरमागे साडेदहा-अकरा ग्रॅम साखर. हिशेब केला आणि दस्तरखानावर एका वाटीत चमच्या-चमच्याने साखर टाकत गेलो. सोळा लहान चमचे! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं ते असं, की वरून घातलेली साखर दिवसभरात साधारण २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. अब्बा वाटीकडे बघत राहिले. म्हणाले, "ये तो हमारे चार दिन की चाय की शक्कर है." वरून त्यातलं आम्ल दातांवरचं कवच झिजवतं, ते वेगळंच.

मग प्रश्न उभा राहिला मेहमानाचा. अब्बा सहजासहजी ऐकणारे नव्हते. "खानदानी माणूस पाण्यावर पाहुणा परत पाठवतो का?" असा त्यांचा सवाल. आम्ही गुलाबी शरबताचा पर्याय पुढे केला, तर मधला म्हणाला, "त्यातही साखरच आहे, रंग तेवढा वेगळा." ते खरंच होतं. आपलं म्हणून गोड विष कमी गोड होत नाही. शेवटी नानीचंच लिंबू-मिठाचं पाणी ठरलं, गूळ नावापुरता. कधी पातळ ताक. पहिल्या दोन-चार पाहुण्यांची तोंडं पडली. एका नातेवाइकाने बाहेर जाऊन आमच्यावर वाईट दिवस आल्याची बातमीही पसरवली. आता तेच लोक ताक मागून पितात.

डोकेदुखीसाठी आता आमच्या घरात शिस्त आहे. शाबान लागला की चहाचे कप एकेक करून कमी करायचे, म्हणजे रमजानात डोकं धरत नाही. इफ्तारीला आधी पाणी. इफ्तारी ते सहेरी थोडं थोडं पाणी पीत राहायचं. डोकं दुखलं की कपाळावर ओला फडका, मान आणि खांद्यांना तेलाची मालिश, अंधारात पडून राहणं. सुंठेचा लेप अजूनही लावतो, त्याने बरं वाटतं. पण लेपाने रक्तदाब उतरत नाही, हे आम्ही भारी किमतीत शिकलो आहोत. अचानक आणि कधी नव्हे इतकं जोरात डोकं दुखलं, तापाबरोबर मान आखडली, दिसायला अंधुक झालं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा वाटला, तर लेप नाही, दम करणं नाही, सरळ दवाखाना. आणि चाळिशीनंतर रक्तदाब मोजायचा, डोकं दुखो वा न दुखो.

अम्मीच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद झाल्या. पहिले पंधरा दिवस तिने डोकं अक्षरशः भिंतीला टेकवून काढले. मग हळूहळू दुखणं विरळ होत गेलं. आता महिन्यातून दोन-तीनदा दुखतं. क्रिएटिनिन थोडं खाली आलं, पूर्ण खाली आलं नाही. ते आता यायचं नाही. तिला रोजे मना आहेत. आजारी माणसाला दीनमध्ये सूट आहे, तिच्या नावाने फिदया देतो, हे सगळं तिला समजतं. तरी सहेरीला ती आमच्या आधी उठते, सगळ्यांना वाढते, आणि अजान झाली की पाठ फिरवून डोळे पुसते. मोसंबीच्या बागेत वाढलेली ती बाई. तिला मोसंबीसुद्धा आता डॉक्टरांनी मोजून खायला सांगितली आहे.

पाणीही मोजूनच. किडनीच्या रोग्याला कमी चालत नाही आणि फारही चालत नाही. अम्मीची एक बाटली आहे. तिच्यावर आम्ही नेलपॉलिशने रेघा मारल्या आहेत, कोणत्या अजानपर्यंत कुठली रेघ गाठायची ते. परवा थोरल्या आपाची मुलगी शाळेतून डोकं धरून आली. आम्ही गोळीच्या डब्याकडे बघायच्या आत अम्मीने तिला जवळ ओढलं. "पानी पिए क्या? खाना खाए क्या? नींद हुई क्या?" पोरीने तिन्ही वेळा मान हलवून नाही म्हटलं. मग नानीच्या त्या पणतीने बाटली उचलून उजेडात धरली, रेघ पाहिली आणि विचारलं, "नानी, तुम पिए क्या? जोहर की लकीर तो अभी बाकी है."

अम्मीने बाटली तिच्या हातातून घेतली आणि बिस्मिल्ला म्हणून तोंडाला लावली.