किहीमच्या गाठी

प्रवासाहून परतताना काहीतरी घेऊन यायचे, हा आमच्या घरातला अलिखित कायदा आहे. महाबळेश्वरहून चपला, सावंतवाडीहून लाकडी फळे, पेणहून पापड. त्यामुळे गणपती उरकल्यावर दोन दिवस किहीमला जायचे ठरले, तेव्हा सौ.चा पहिला प्रश्न आला, "तिथे मिळतं काय?"

"समुद्र," मी म्हणालो.

"तो पिशवीत मावत नाही. आणि मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे, लक्षात आहे ना? तिला द्यायला काही हातानं केलेलं बघा."

'हातानं केलेलं' हे शब्द ऐकून मी उगीचच चष्मा पुसू लागलो. त्याचे कारण पुढे येईल.

बरोबर आमच्या कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक मित्र होते. गेटवेहून बोट सुटायला तास होता, म्हणून त्यांनी आम्हांला फोर्टात नेऊन आर्मेनियन लोकांचे चर्च दाखवले. ते 1796 सालचे. सुरतेकडून मुंबईत आलेल्या त्या व्यापारी जमातीचे आता इथे फारसे कोणी उरलेले नाही. मग बोटीत, मांडव्याचा धक्का दिसू लागेपर्यंत, त्यांनी एका गालिच्याची गोष्ट सांगितली.

1915 पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांची भयंकर कत्तल झाली. आईबापांवाचून उरलेल्या कित्येक मुली लेबनॉनमधल्या गझीर गावच्या अनाथाश्रमात आल्या. त्यांना अमेरिकेतल्या लोकांच्या वर्गणीतून अन्न मिळत होते. त्या मुलींनी उपकाराची फेड म्हणून एक गालिचा विणला. त्यात चव्वेचाळीस लाखांहून अधिक गाठी! 1925 साली तो अध्यक्ष कूलिज यांना भेट म्हणून पोहोचला. पुढे बराच काळ तो लोकांच्या नजरेआड राहिला आणि 2014 साली वॉशिंग्टनमध्ये काही दिवस प्रदर्शनात मांडला गेला.

"ज्यांच्याजवळ द्यायला काही उरलं नव्हतं, त्यांनी गाठी दिल्या," मित्र म्हणाले. सौ. बराच वेळ बोलली नाही.

किहीमला सुरूच्या बनातून वाळूवर उतरलो. दूर खांदेरी-उंदेरी धुक्यात तरंगत होत्या. चिरंजीवांनी खिसे भरून शिंपले गोळा केले. जवळच एक वृद्ध कोळी जाळे मांडीवर घेऊन लाकडी सुईने भोके सांधत बसले होते. एक गाठ, मग बोटाने डोळ्याचे माप, मग दुसरी गाठ. मी विचारले, "काका, आता जाळी हातानं विणत नाहीत का?"

"मास्तर, नवं जालं मशीन करतं," ते मान वर न करता म्हणाले, "पन फाटलेलं सांधाला मानूसच लागतो."

मी मास्तर आहे हे त्यांनी कशावरून ओळखले, कोण जाणे!

संध्याकाळी वाडीतल्या विहिरीवर झुकलेल्या शिंदीला सुगरणीची घरटी लोंबताना दिसली. याच किहीमला 1930 साली पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरणीच्या संसाराचा बारकाईने अभ्यास केला. आम्ही मराठीचे प्राध्यापक! शब्द स्त्रीलिंगी, म्हणून विणणारी मादीच असे आम्ही धरून चालतो. विणतो तो नर. गवताच्या पात्यांना चोचीने गाठी मारत तो अर्धे घरटे करतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती आत शिरते, पारख करते. पसंत पडले तर तो लांब नळी जोडून घर पुरे करतो, आणि मग हा गृहस्थ दुसरीसाठी नवे घर बांधायला घेतो! नापसंत पडले, तर ते अर्धेच लोंबत राहते.

त्या शिंदीवर अशी तीन-चार अर्धी घरटी वाऱ्यावर हलत होती. त्यांच्याकडे पाहताना मला आईची आठवण झाली.

मी नोकरीला नवा असताना आमच्या प्राचार्यांच्या मुलीचे लग्न होते. आईने दोन महिने रात्री डोळे ताणून क्रोशाचा टेबलक्लॉथ विणला. "तुझ्या साहेबांकडे दे," म्हणाली. मला त्याची लाज वाटली. मी दुकानातून काचेचा टी-सेट घेतला आणि टेबलक्लॉथ ट्रंकेत ठेवून दिला. आईने लग्नाहून आल्यावर विचारले, "आवडला का रे त्यांना?" मी "हो" म्हणालो. पुढे वर्षभरात ती गेली. ट्रंक उघडून तिने तो पाहिला होता की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

विहिरीच्या काठावर मी हे सारे सौ.ला सांगितले. वीस वर्षांत प्रथमच. ती एवढेच म्हणाली, "ट्रंक माळ्यावर आहे ना अजून?"

घरी आल्यावर टेबलक्लॉथ काढला. पिवळट पडला होता, एका कोपऱ्याला कसरीने दोन बोटे भोक पाडले होते. सौ.ने तो रिठ्याच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवला. आता रोज जेवणे झाली, की चष्मा लावून ती तो कोपरा भरते आहे. जुना दोरा आणि नवा दोरा यांचा रंग काही केल्या जुळत नाही.

"दिसेल ना गं सांधलेलं?" मी काल विचारले.

"दिसू दे," ती म्हणाली. "आजीचं काय आणि मामीचं काय, ते तिला कळायला नको?"

भाचीला अजून काही सांगितलेले नाही. टेबलक्लॉथबरोबर ती दोन महिन्यांची गोष्टही द्यायची आहे, आणि ती मलाच सांगावी लागणार आहे.